फांदी डावीकडे वळवा

"मॅडम, त्या बाईंना विचारता का, आणखी एक माणूस बसलं तर चालेल?"

कुमुदताईंनी मला हे विचारलं तेव्हा आम्ही मोरिताबाईंच्या दारात बूट काढत होतो. बाकीच्या तिघी आत गेल्या होत्या आणि मोरिताबाई सगळ्यांचे बूट वाकून, टोकं दाराकडे करून नीट लावत होत्या. मला वाटलं, हॉटेलात कुणी ओळखीचं भेटलं असेल. मी बाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, फुलं भरपूर आहेत, जागाही आहे.

"कोण यायचंय?"

"माझी मुलगी," कुमुदताई म्हणाल्या. "नागोयात असते. फाटकापाशी उभी आहे."

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पुण्यात जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करत होते. कारखान्यांच्या बैठकी, यंत्रांची माहितीपत्रकं, कधी एखादं शिष्टमंडळ. त्या नोव्हेंबरात सांगलीकडच्या पॉलिहाऊसवाल्या शेतकऱ्यांचा एक गट जपानला निघाला होता. जरबेरा, कार्नेशन, शेवंती करणारी ही मंडळी. तोयोहाशीच्या आसपास काचघरांत शेवंती कशी वाढवतात, फुलांचा लिलाव कसा चालतो, हे त्यांना बघायचं होतं. काही जणांनी बायकांनाही आणलं होतं. एका सकाळी पुरुष मंडळी प्रतवारीची यंत्रं बघायला जाणार होती, म्हणून बायकांसाठी आयोजकांनी मोरिताबाईंकडे इकेबानाची शिकवणी ठरवली होती. इकेबाना म्हणजे फुलं मांडायची त्यांची जुनी कला. बायकांबरोबर मी, पुरुषांबरोबर दुसरा दुभाषी.

कुमुदताईंचे यजमान जगन्नाथराव निकम हे सगळ्या गटाचे लाडके. बसमध्ये कुणाला उलटी झाली तर पिशवी घेऊन पहिले तेच उठायचे. कुणाची बॅग जड दिसली की स्वतः उचलायचे. कुमुदताई मात्र फारशा बोलत नसत. खिडकीपाशी बसायच्या आणि पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या.

मुलगी आत आली. स्वरूपा तिचं नाव. सत्तावीस-अठ्ठावीसची, छोटे केस, गळ्यात लोकरी मफलर. आईला बघून तिनं मफलर काढला, मग परत गुंडाळला, मग काढून हातात धरला. तीन वर्षांनी मायलेकी भेटत होत्या. मी एका बाजूला सरकले, कारण आता गळ्यात पडणं होईल, रडणं होईल, असं मला वाटलं. तसं काहीच झालं नाही. कुमुदताईंनी तिच्या दंडाला हात लावला आणि म्हणाल्या, "बारीक झालीस. चल आत."

स्वरूपाचा चेहरा उतरला. तरी ती आत आली, मोरिताबाईंना गुडघ्यांवर बसून रीतसर नमस्कार केला आणि अशा सफाईनं जपानी बोलली, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. माझी भाषा पुस्तकातली होती, तिची भाजीबाजारातली.

बसताना कुमुदताईंनी मुलीला आपल्या शेजारी घेतलं. पण दुसऱ्या बाजूला लगेच विमलताई येऊन बसल्या. विमलताई म्हणजे कुमुदताईंच्या थोरल्या जावेची बहीण. प्रवासभर त्या कुमुदताईंना सोडत नव्हत्या. नाश्त्याला शेजारी, बसमध्ये मागच्या सीटवर, दुकानात बरोबर. मला ते प्रेम वाटलं होतं.

"आली का गं बाय माझी," विमलताईंनी स्वरूपाच्या पाठीवरून हात फिरवला. "आता जानेवारीत येणारच आहेस म्हणा. भाऊसाहेबांनी स्वतः फोन केला म्हणे तुला."

भाऊसाहेब म्हणजे जगन्नाथरावांचे थोरले बंधू, घरातले कर्ते. हळूहळू मला सगळं कळत गेलं, कारण स्वरूपाला किती सांगू आणि किती नको असं झालं होतं. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. तुषार तिच्याच कॉलेजातला. घरच्यांनी तिचं नाव टाकलं होतं, आजी गेली तेव्हाही कुणी कळवलं नव्हतं. दोघं आधी बेंगळुरूला गेली, मग तुषारच्या नोकरीमुळे इकडे. आणि आता दिवाळीच्या आधी अचानक भाऊसाहेबांचा फोन आला होता. झालं गेलं विसरू, धाकट्या चुलतभावाचं लग्न आहे, दोघंही या, माझ्या अंगणात माझी पुतणी नसेल तर मांडव कशाला घालायचा, असं म्हणाले होते. स्वरूपानं त्याच दिवशी तिकिटं काढली होती. हे सांगताना तिचे डोळे भरून आले. समोरच्या दोघी बायकाही डोळे पुसायला लागल्या. माझीही तीच गत झाली.

कुमुदताई समोरच्या बादलीतल्या फुलांकडे बघत होत्या.

मोरिताबाईंनी शिकवायला सुरुवात केली. सत्तरीच्या असाव्यात. हालचाली हळू आणि नेमक्या. उथळ काळ्या तबकात पाणी, त्यात वर टोकं आलेल्या खिळ्यांची जड बैठक, त्या खिळ्यांत देठ रोवायचे. आधी एक उंच फांदी, मग तिच्याहून आखूड दुसरी, मग खाली फूल. देठ पाण्याखाली धरून कापायचा, म्हणजे फूल लवकर मान टाकत नाही. हे ऐकून आमच्या बायका खूश झाल्या, ते त्यांना ठाऊक होतं. पण पुढचं त्यांना पटेना. बाई म्हणाल्या, सगळी जागा भरू नका. फांद्यांच्या मधे जे रिकामं राहतं तेही मांडणीतच धरायचं. एकीनं मला हळूच विचारलं, एवढी फुलं बादलीत ठेवून तीनच लावायची होय? मी भाषांतर केलं. बाई खूप हसल्या.

कुमुदताईंच्या वाट्याला लाल बारीक फळं लगडलेली एक डहाळी आली होती. त्यांनी ती कापली. मग आणखी कापली. मग आणखी. मोरिताबाईंनी लांबून पाहिलं, जवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, एकदा कापलेलं जोडता येत नाही, हिला आता दुसरी देऊ. मी ते सांगितलं. कुमुदताईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "मॅडम, फांदी ओली करून आणायची का? पाणी कुठं आहे, जरा दाखवता?"

समोर पाण्याची बादली होती. मी तसं म्हणणार होते, पण त्या उठल्याच होत्या. विमलताईही उठायला लागल्या. तेवढ्यात मोरिताबाईंनी त्यांच्या हातात एक शेवंती दिली आणि मान किती कलती ठेवायची ते दाखवू लागल्या, म्हणून त्यांना बसावं लागलं.

खोलीच्या मागे फुलं धुवायची लहानशी मोरी होती. कुमुदताईंनी नळ सोडला. पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर त्या बोलल्या.

"मॅडम, तिला सांगा, येऊ नकोस."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुठं?

"घरी. लग्नाला. कध्धीच. मी मेले असं कुणी कळवलं तरी नाही."

त्यांनी ते भराभर सांगितलं, फांदी पाण्याखाली धरून. श्रावणात एकदा त्या पॅकिंगच्या खोलीत जरबेराच्या फुलांना प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवत बसल्या होत्या. पत्र्याच्या पलीकडे पुरुष बोलत होते. भाऊसाहेब, त्यांचा थोरला मुलगा आणि जगन्नाथराव. भाऊसाहेब म्हणाले, लग्नाचं निमित्त चांगलं आहे, गोड बोलून बोलवू. एकदा उंबऱ्याच्या आत आली की परत जायचा प्रश्न नाही. तिच्या मागं तोही येईल. थोरला मुलगा म्हणाला, माणसं माझी आहेत, ते माझ्यावर सोडा.

"पोलिसांत—" मी म्हणाले.

"तालुक्याला माझा पुतण्या बसतो त्यांच्याबरोबर चहाला," त्या म्हणाल्या. "आणि माझा फोन घरात सगळे बघतात. चिठ्ठी टाकायला गेले तरी कुणीतरी बरोबर असतं. म्हणून यांच्या मागं लागले, मला जपान दाखवा. तर ह्या विमलला पाठवलं बरोबर."

"आणि निकमसाहेब? ते काय म्हणाले त्या वेळी?"

त्यांनी नळ थोडा आणखी सोडला.

"काही नाही म्हणाले. मी वाट बघत उभी राहिले, आता म्हणतील, मग म्हणतील. 'नको' एवढं म्हणाले असते ना मॅडम, तर मी इथं आलेच नसते."

मी म्हणाले, मी स्वरूपाला काहीतरी निमित्त करून इकडे पाठवते, तुम्हीच सांगा तिला. त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात बाहेरून घंटी वाजली आणि पुरुषाचा मोठा, आनंदी आवाज आला.

जगन्नाथराव आले होते. दुपारी जेवायला सगळे भेटणारच होते, पण त्यांच्याच्यानं थांबवलं नाही. यंत्रं सोडून टॅक्सी करून आले. स्वरूपानंच त्यांना पत्ता पाठवला होता.

मी मोरीतून बाहेर आले तेव्हा त्यांनी मुलीचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि ते ढसाढसा रडत होते. एवढा मोठा माणूस, मोजे घातलेल्या पायांनी चटईवर उभा राहून. "बाळ माझं, बाळ माझं," एवढंच म्हणत होते. स्वरूपाही रडत होती. त्या दोघांकडे बघून माझी खात्री डळमळली. पत्र्यापलीकडचं बोलणं बाईंनी अर्धवट ऐकलं असेल. रागाच्या भरात माणसं काहीही बोलतात. हा माणूस हिच्या केसाला धक्का लागू देईल, हे मला खरं वाटेना.

मोरिताबाईंनी त्यांच्यासाठी आसन टाकलं. ते मुलीला खेटून बसले, दुसऱ्या बाजूला विमलताई. कुमुदताईंना आता समोर बसावं लागलं. मायलेकींच्या मधे तबकं, कात्र्या आणि बादली.

शिकवणी पुढे सुरू झाली. जगन्नाथराव कौतुकानं बघत होते, मुलीचा फोटो काढत होते. "भाऊसाहेबांनी तुझ्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतलीय," ते म्हणाले. "तुला आवडतो तसा पिस्ता रंग." हे सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते. हातातल्या फोनकडे बघत होते, आणि फोनचा पडदा काळा झालेला होता.

मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मॅडम," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "बाईंना विचारा, माझी फांदी उभी राहत नाही. काय करू?"

मी बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, देठ तिरका कापा, सरळ रोवा आणि मग कलवा. मी ते मराठीत कुमुदताईंना सांगितलं. आमच्या कामाचा पहिला नियम असा, की दुभाष्यानं आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही. समोरचा बोलला तेवढंच पलीकडे पोचवायचं. मी तोवर तो कधी मोडला नव्हता.

मी स्वरूपाकडे वळले आणि बाईंचंच पुढचं वाक्य सांगते आहे अशा आवाजात जपानीत म्हणाले:

"वर बघू नका. फांदीकडेच बघत राहा. आत्ता तुमच्या आईनं मला सांगायला सांगितलंय. लग्नाला जाऊ नका. घरी कधीच जाऊ नका, कुणीही बोलावलं तरी. तुम्हाला मारायचं ठरलंय. त्यांनी स्वतः ऐकलंय. कळलं असेल तर फांदी डावीकडे वळवा."

स्वरूपाचा हात फांदीवर होता. तो थांबला. तिच्या कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडलेल्या मला दिसल्या.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की खोलीत हे ऐकणारं आणखी एक माणूस आहे. मोरिताबाई. मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी "काय?" म्हटलं असतं, त्यांचा चेहरा जरा बदलला असता, तरी सगळं संपलं असतं.

बाई गुडघ्यांवर सरकत स्वरूपाच्या मागे आल्या. तिच्या हातावर आपला हात ठेवला आणि शिकवत होत्या त्याच सुरात म्हणाल्या, "हळू वळवा. घाई केली की मोडते." फांदी डावीकडे वळली. मग बाईंनी एक शेवंती उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही राहता ते घर या लोकांना माहीत आहे का? नसेल तर सांगू नका. हे फूल खाली लावा."

"आता तुम्ही सगळ्या जपानीतच बोलायला लागलात," विमलताई हसून म्हणाल्या.

मी म्हणाले, बाईंसमोर त्यांच्या भाषेत बोललेलं बरं दिसतं. माझा आवाज मला परका वाटला. विमलताईंनी तेवढ्यावर सोडलं, कारण त्यांना आपल्या तबकाचा फोटो हवा होता. जगन्नाथराव मात्र माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नजर काढून घेतली.

थोड्या वेळानं ते मुलीला म्हणाले, "तुझा पत्ता लिहून दे बाळ. उन्हाळ्यात आंबे पाठवतो."

स्वरूपानं शेवंतीचा देठ पाण्याखाली धरून कापला. "आम्ही घर बदलतोय, पप्पा," ती म्हणाली. "नवीन मिळालं की कळवते."

"बरं," ते म्हणाले. परत विचारलं नाही.

शिकवणी संपल्यावर निरोप घेताना स्वरूपा आईच्या पायाशी वाकली. कुमुदताईंनी तिला उठवलं आणि या खेपेस जवळ घेतलं. बराच वेळ. मुलीच्या खांद्यावरून त्यांचा चेहरा मला दिसत होता. त्या रडत नव्हत्या. डोळे मिटून त्या तिच्या केसांचा वास घेत होत्या.

"जानेवारीत भेटणारच की," विमलताई म्हणाल्या. "आत्ताच किती ते."

बस सुटण्याआधी मोरिताबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही. मुलीला आपला फोन नंबर दिलाय, एवढंच म्हणाल्या, आणि मला इतक्या खाली वाकून नमस्कार केला की मला काय करावं ते सुचेना.

गटाचा मुक्काम अजून दोन दिवस होता. त्या दोन दिवसांत कुमुदताई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. बसमध्ये खिडकीपाशी बसायच्या, पूर्वीसारख्याच. एकदा फक्त, काचघरांच्या रांगा दिसत होत्या तेव्हा, त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि परत बाहेर बघायला लागल्या.

परतीच्या दिवशी विमानतळावर मंडळी दुकानांत पांगली होती. मी सगळ्यांच्या हातसामानाजवळ बसले होते. जगन्नाथराव दोन कागदी पेले घेऊन आले, एक मला दिला आणि एक खुर्ची सोडून बसले. तुम्ही आमची फार काळजी घेतलीत, म्हणाले. भाषेची अडचण जाणवलीच नाही. मी आभार मानले. ते पेल्यातल्या चहाकडे बघत होते.

"मॅडम, एक विचारू का?"

"विचारा ना."

"माझ्या मुलीला मराठी येतं."

मी पेला दुसऱ्या हातात घेतला.

"परवा तुम्ही तिच्याशी जपानीत काय बोललात?"

लोक येत-जात होते. मला वाटलं, फुलांचंच काहीतरी म्हणून टाकावं. मी तोंड उघडलंही होतं. त्यांनी हात वर केला.

"नको," ते म्हणाले. "सांगू नका. घरी गेल्यावर विचारतील मला. मला माहीत नाही असं म्हणता आलं पाहिजे."

त्यांनी चहा संपवला, पेला चुरगाळला आणि माझ्या हातातलाही मागून घेतला. तो अजून भरलेला होता. ते दोन्ही पेले घेऊन कचऱ्याची टोपली शोधत गर्दीत गेले. भरलेल्या पेल्यातला चहा त्यांच्या हातावर सांडत होता, ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

स्वरूपा जानेवारीत गेली नाही. नोकरीची सबब सांगितली, तिकिटं रद्द केली. पुढच्या दोन महिन्यांत ती दोघं तिसऱ्याच शहरात राहायला गेली. ते मला मोरिताबाईंनी कळवलं, शहराचं नाव न सांगता.

लग्न झाल्यावर काही दिवसांनी मला एका अनोळखी नंबरावरून फोन आला. कुमुदताई होत्या. दाताच्या दवाखान्यात आलेय, इथल्या बाईंचा फोन घेतलाय, असं म्हणाल्या. मुलगी सुखरूप आहे का, विचारलं. मी हो म्हटलं. 

"तुम्हाला त्रास नाही ना झाला?" मी विचारलं. "कुणी काही विचारलं का?"

"मला कोण विचारतंय," त्या म्हणाल्या. "यांना विचारलं. लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांसमोर. भाऊसाहेब म्हणाले, तिला कुणी सांगितलं? हे म्हणाले, मला माहीत नाही. परत विचारलं, तर परत तेच. शेवटी भाऊसाहेबांनी यांच्या मुस्काटात दिली. या वयात, पाहुण्यांच्या देखत. तरी हे तेच."

"मग?"

"मग काही नाही. उठले, मुंडासं बांधलं आणि पंगतीत वाढायला गेले."

मी त्यांना विमानतळावरचं सांगणार होते. सांगायला सुरुवातही केली, पण त्यांनी मधेच थांबवलं. डॉक्टर बोलावतात, म्हणाल्या. आणि मग, फोन ठेवायच्या आधी, जरा आवाज उतरवून:

"मॅडम, तिला कुणी सांगितलं ते यांना ठाऊक होतं का हो?"

मी हो म्हणाले.

पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी फोन त्या बाईंच्या हातात दिला असावा. कारण थोड्या वेळानं एक तरुण आवाज आला आणि म्हणाला, "त्या आत गेल्या. रडताहेत. फार दुखतंय वाटतं दात."